नववा वाटा

१

कोल्हापूरच्या गाड्या साडेदहाच्या सुमाराला यायला लागायच्या. पहाटे निघायचं, गगनबावड्याचा घाट उतरायचा, कुणकेश्वराला हात जोडायचे, मग पलीकडच्या वाडीत वाळूवर घसरायला यायचं आणि दिवेलागणीच्या आत परतीला लागायचं, असा त्या लोकांचा एका दिवसाचा बेत. गाडीतून उतरल्या उतरल्या पोरं वाळूच्या टेंबाकडे धाव घ्यायची आणि आया डबे, टॉवेल, चपला गोळा करत मागून यायच्या.

सुगंधाला हा सगळा प्रकार पहिल्यापासून खुळचटपणाचा वाटत होता आणि तिने तो तसा बोलूनही दाखवला होता. तिचा मुलगा रविराज दोन वर्षं कॅनडात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासून आला. येताना त्याने एवढी एकच कल्पना आणली. तिकडे म्हणे मोठ्या शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना गाडीत घालून तास-दोन तासांवरच्या बर्फाच्या टेकडीवर जातात, हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसून खाली घसरतात आणि यंत्राची दोरी त्यांना ट्यूबसकट परत वर ओढून नेते. दिवसभर एवढंच करतात आणि संध्याकाळी घरी जातात.

"बर्फ खंयसून हाडतलंस?" सुगंधाने विचारलं होतं.

"वाळू आसा मगे, आये," रविराज म्हणाला होता.

वाळू होती खरी. वाडीच्या उत्तर टोकाला वाऱ्याने डोंगराच्या अंगावर वाळू चढवून चढवून चांगला तीन माड उंचीचा उतार केला होता. त्यालाच टेंब म्हणत. माथ्यावर वनखात्याने लावलेलं सुरूचं बन, पायथ्याला ओहोटीला उघडी पडणारी पुळण. रविराजने ट्रकच्या जुन्या ट्यूब आणल्या, खालून ताडपत्री शिवून घेतली, लहान मुलांसाठी पट्टे लावले. यंत्र मात्र त्याच्याकडे नव्हतं. पण त्याच्या बापाकडे दोरी होती आणि ती ओढणारी माणसं होती.

गुणाजी रापणीचा तांडेल, म्हणजे ओढणाऱ्यांचा म्होरक्या. समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि त्याच्या दोऱ्या किनाऱ्यावर उभं राहून, टाचा वाळूत रोवून, मागे सरकत ओढायच्या, ही रापण. मोठ्या ट्रॉलरांनी समुद्र खरवडून नेल्यापासून रापणीत पहिल्यासारखं काही लागत नव्हतं. पहाटे एकदा जाळं ओढलं की गुणाजीची माणसं दिवसभर सुरूच्या सावलीत विड्या ओढत बसायची. ती आठ माणसं, गुणाजी धरून, आता टेंबाच्या माथ्यावर रांगेने उभी राहून ट्यूब ओढू लागली. ट्यूबमध्ये पोरं बसलेली असायची, किंचाळत, हात हलवत. सुगंधा माथ्यावरच, बनाच्या कडेला झापांच्या सावलीत कोकम सरबत घेऊन बसायची. सकाळी बाजारात मासे, दुपारी इथे सरबत. गप्प बसून राहणं तिच्या रक्तात नव्हतं.

मोबदल्यावरून बापलेकांचं वाजलंच. रविराजने रोजाने पैसे द्यायचं ठरवलं होतं, पण गुणाजी अडून बसला. पैशाचं तू बघ, म्हणाला, पण माशांचा वाटा मी रापणीच्या रीतीनेच घालणार. पहाटेची दोरी आणि दिवसाची दोरी मिळून, संध्याकाळी. आणि रीत म्हणजे एकच. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो वाडीतला असो की वाटेने जाणारा परका. कोण, कुठला, कोणाचा, हे विचारायचं नाही. एकदा एक भिकारी शेवटचे दहा हात दोरी ओढून गेला, तर गुणाजीने त्यालाही बरोबरीचा ढीग दिला होता. त्या गोष्टीचा त्याला कोण अभिमान.

२

पहिली गोष्ट सुगंधाला दिसली ती दोरीचं वेटोळं.

ट्यूब वर येत जाई तशी ओढलेली दोरी शेवटच्या माणसाच्या मागे साचत जाई. हा शेवटचा माणूस म्हणजे बाबली, अंगाने आडवा आणि कामाला वाघ, पण नीटनेटकेपणाशी त्याचं वाकडं. दोरी त्याच्या पायामागे कशीही पडलेली असायची. त्या दिवशी दुपारी सुगंधा ग्लास विसळून उठली आणि पाहते तो सुरूच्या पहिल्या झाडाशी दोरीचं छान गोल वेटोळं घातलेलं.

"आज बरी बुद्धी सुचली रे तुका," ती बाबलीला म्हणाली.

"मी नाय गुंडाळूक, काकी. माझी पाठ हंयसर तुटता."

तिने वाकून हात लावला. दोरी ओली होती. पहाटेच्या रापणीची दोरी वेगळी, ही वेगळी. या दोरीला समुद्राचं पाणी लागायचं काही कारणच नव्हतं. शिवाय वेटोळं उलटं होतं. वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा दोरी उजवीकडून गुंडाळतं. ही डावीकडून गुंडाळलेली होती.

एखाद्या पोराने खेळताना केलं असेल, सरबताचं पाणी सांडलं असेल, असं म्हणून तिने विषय सोडला. पण तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला नव्हता. सरबताचं भांडं तिच्याजवळ होतं, झाड वीस पावलांवर.

संध्याकाळी गुणाजीने बर्फाच्या पेटीतले बांगडे काढून वाळूत वाटे घातले. सुगंधा टोपली घेऊन उभी होती. त्याने ढीग घातले नऊ.

"नऊ कित्याक?"

"नऊ जण होते."

"आठ होते. मी बसान होतंय थंय."

गुणाजीने वर पाहिलं नाही. "सुगंधा, दोरी माझ्या हातात होती. मागे किती जण ओढतत ता तांडेलाक हातानच कळता. बगूक लागना नाय."

माणसं आपापला ढीग उचलून गेली. नववा तसाच राहिला. सकाळी पाहिलं तर नव्हता. कुत्री आहेत, कावळे आहेत, कोल्हेही कमी नाहीत, असं तिने मनाला बजावलं. फक्त वाळूवर एकही काटा, एकही खवला उरला नव्हता, आणि कुत्री इतकी स्वच्छ जेवत नाहीत हे तिला चांगलं ठाऊक होतं.

३

पुढचे पाच-सहा दिवस ती सरबत विकत होती, पण डोळा दोरीवर होता.

आठ माणसं रांगेने उभी. ती रोज मोजायची. बाबली शेवटचा. त्याच्या मागची दोरी सैल पडायला हवी, ती सैल पडत नव्हती. बाबलीच्या मुठीतून निघून ती सरळ बनात जायची, जमिनीपासून चांगली वर, कोणीतरी मागे उभं राहून ताणून धरल्यासारखी. सुरूच्या खोडांमध्ये ती दिसेनाशी व्हायची. ओढणारे सगळे समुद्राकडे तोंड करून उभे, त्यामुळे मागे वळून कोणी बघतच नव्हतं. आणि गिऱ्हाइकांचं लक्ष उतारावर.

एके दुपारी ती उठली आणि दोरीच्या कडेने बनात शिरली. मनात जे होतं त्याला ती भीती म्हणायला तयार नव्हती. आपल्याच वाडीत, भर दुपारी, कोणीतरी आपल्याला न विचारता काही करतंय, याचा तिला राग आला होता. बनात सुरूच्या सुयांचा जाड थर. पाऊल टाकलं की आवाज गिळून टाकणारा. बाहेरच्या पोरांचा कल्ला दहा पावलांत बारीक झाला. तिच्या डाव्या हाताला, कमरेच्या नाही, तिच्या डोक्याच्या उंचीवर, दोरी थरथरत होती.

सुगंधा आणखी चार पावलं गेली. दोरी धप्प करून खाली पडली.

तिथे कोणी नव्हतं. दोरीचं टोक कशाला बांधलेलंही नव्हतं. ते सुयांवर पडलं होतं आणि त्याखालच्या सुया भिजून काळ्या होत होत्या. तिने वाऱ्याचा विचार केला, फांदीत अडकून सुटली असेल असाही केला. मग तिला लक्षात आलं की आपण कारणं शोधतोय आणि शोधताना श्वास धरून ठेवलाय. याचा तिला अधिकच संताप आला.

त्या संध्याकाळी पुन्हा नऊ वाटे पडले. माणसं गेल्यावर तिने आपला वाटा टोपलीत टाकला आणि नवव्याचेही आठ बांगडे उचलून त्यावर टाकले.

गुणाजीचा चेहरा उतरला. "कोणाचो वाटो उचललंस तू?"

"जेचो आसा तेका समोर येवन मागूदे."

"असां करू नको. चाळीस वर्सांत माझ्या हातान कोणाचो वाटो बुडाक नाय."

"तुमच्या हातान खंय बुडलो? माझ्या हातान बुडलो," सुगंधा म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात ते बांगडे सगळ्यात आधी गेले.

४

त्यानंतर नवव्या वाट्याला कोणी शिवेना.

गुणाजी रोज घालत होता. सकाळी ढीग जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी दुसरा, मग तिसरा. कावळे वरून जात, खाली उतरत नसत. एक कुत्रा जवळ आला, लांबून वास घेतला आणि शेपूट घालून निघून गेला. माशी बसत नव्हती. तीन दिवस उन्हात पडलेल्या बांगड्याला वास येऊ नये, हे मासे विकण्यात जन्म गेलेल्या बाईला कोणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

आणि दोरी हलकी होत चालली. बाबली हसत सांगायचा की आता नुसता हात लावायचा अवकाश, ट्यूब आपण होऊन वर येते. आठांपैकी कोणालाही घाम येत नव्हता. रविराज खूश होता. एका वेळी दोन ट्यूब बांधू या, म्हणत होता.

शनिवारी संध्याकाळी गुणाजी त्या तीन ढिगांसमोर उकिडवा बसला होता. सुगंधा शेजारी जाऊन उभी राहिली.

"मासे नको झाले तेका," तो म्हणाला.

"मगे काय व्हया?"

"रापणीत दोरयेन मासे येतत, म्हणान मासे वाटतत. जा दोरयेन वर येता, तेचोच वाटो." त्याने टेंबाकडे बोट दाखवलं नाही. नुसती मान तिकडे वळवली. "हंयसर दोरयेन काय येता, ता तूच बग."

सुगंधाने पाहिलं. शेवटची ट्यूब वर येत होती. त्यात मांडी घालून बसलेला एक मुलगा पायथ्याशी उभ्या असलेल्या आईला हात हलवत होता.

आपण काय केलं होतं ते सुगंधाला एकदम लख्ख कळलं. ज्याला मासे चालत होते, त्याचे मासे तिने बाजारात विकले होते. आता त्याची मागणी दुसरीच होती, आणि ती तिच्यामुळे.

ती तडक रविराजकडे गेली. उद्या दोरी बांधू नको, म्हणाली. त्याने कारण विचारलं. तिने सांगितलं, आणि बोलताना आपलं बोलणं किती वेडगळ वाटतंय हे तिलाही ऐकू येत होतं.

"आये, उद्या आयतवार. वीस गाड्यो येतल्यो. मी तेंका काय सांगू, माझ्या बापाशीक दोरयेर नववो माणूस दिसता?"

"दिसना नाय. हाताक लागता."

रविराज हसला नाही, एवढं मात्र खरं. पण त्याने दोरी बांधायची ती बांधलीच. सुगंधा घरी आली, तिने सरबताचं भांडं घासून पालथं घातलं आणि ठरवलं की उद्या आपण सरबत विकायचं नाही. नुसतं बसायचं. ज्याला यायचं असेल त्याने तिच्या डोळ्यांदेखत यावं.

५

रविवारी ऊन चांगलं होतं. टेंबाखाली गाड्यांची रांग लागली. रविराज इकडून तिकडे पळत होता आणि गिऱ्हाइकांशी शाळेतलं मराठी बोलत होता.

साडेअकराला एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. बाईचं नाव किशोरी. तिने ते सांगायची गरज नव्हती. तिचा नवरा खालून कॅमेरा घेऊन दर मिनिटाला "किशोरी, इकडं बघ" म्हणून ओरडत होता. मुलगी सहा वर्षांची, दिव्या, पिवळा फ्रॉक, पुढचे दोन दात पडलेले. माथ्यावरून ती एकटीच घसरून खाली गेली आणि खाली पोचताच पुन्हा वर यायचं म्हणून तिने ट्यूब सोडलीच नाही. रविराजने पट्टा आवळला, दोरी अडकवली आणि वर हात केला.

"ओढा रे," गुणाजी म्हणाला.

सुगंधा बनाच्या कडेला उभी होती. माणसांनी दोरीला हात लावला मात्र, आणि ट्यूब सरसर वर येऊ लागली. मुलगी खिदळत होती. आई खालून पायी चढत होती, धापा टाकत. अर्धा उतार. पाऊण. ट्यूब माथ्यावर आली आणि गुणाजीने नेहमीसारखं म्हटलं, "सोडा."

तांडेलाने सोडा म्हटलं की सोडायचं, ही त्या माणसांच्या हाताला लागलेली सवय. आठांनी एकदम दोरी सोडली. सोळा हात मोकळे झाले.

दोरी थांबली नाही.

ती त्यांच्या मधून तशीच पुढे जात राहिली, बनाच्या दिशेने, एका लयीत. ओढ, थांब, ओढ. रापण ओढणारा माणूस टाच रोवून मागे सरकतो त्या लयीत. ट्यूब बाबलीच्या पायाला घासून गेली. बाबली तोंड उघडं टाकून आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. मुलगी अजून हसत होती. तिला वाटलं हाही खेळच.

सुगंधाने दोरी धरली. वाडीतल्या बायका दोरीला हात लावत नसत. बायकांचं काम टोपलीपासून सुरू होई. तिने तो विचारही केला नाही. दोन्ही मुठींनी पकडली, टाचा वाळूत रोवल्या आणि बनाकडे तोंड करून मागे रेलली. दोरी तिच्या तळव्यांतून सरकली आणि कातडी सोलून गेली. ती थंडगार होती, बर्फाच्या पेटीत हात घातल्यासारखी. सुगंधा दोन पावलं फरफटली, तिसऱ्यावर तिने पाय ठेवला तो ठेवलाच.

दोरी थांबली, पण सैल झाली नाही. ताण वाढतच होता. ट्यूब तिच्या पाठीला येऊन टेकली होती. रविराज उतारावरून धावत वर आला आणि पट्टा सोडवायला लागला, पण पट्टा भिजून आवळला होता, सुटेना.

"बाबा, दोरी काप," तो ओरडला.

गुणाजी कंबरेची सुरी काढून उभा होता. "रापणीच्या रीतीन दोरी कापीत नाय," तो म्हणाला. "तेना ओढला, तेचो वाटो..."

"तांडेलानू," सुगंधा म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला या नावाने कधी हाक मारली नव्हती. मान वळवून ती बघत नव्हती; तिची नजर बनात होती. "दोरयेक कोणाचो हात आसा ता बगा. माझो आसा काय नाय?"

"आसा."

"मगे माझोय वाटो आसा. तुमची रीत. घाला वाटो. आत्ता घाला, सगळ्यांच्या समोर."

खालून मुलीच्या आईने हाक मारली; तिला अजून काही कळलं नव्हतं. सुगंधाच्या टाचा वाळूत सरकायला लागल्या होत्या.

"ह्यो मासो न्हय," ती दातांवर दात ठेवून म्हणाली. "ह्यां लोकांचा चेडू. घाला."

गुणाजी पुढे आला. वाकला, पट्ट्याखाली सुरी घातली आणि पट्टा कापला. मुलीला काखेत धरून उचललं आणि सुगंधाच्या पुढ्यात, तिच्या पायांशी बसवलं. ढीग घालताना तो जसं बोलत असे तसं, आवाज न चढवता, म्हणाला, "हो वाटो सुगंधाचो."

दोरी एकदा जोरात हिसकली. रिकामी ट्यूब उलटली.

"आणि नववो..." गुणाजी म्हणाला. सवयीने म्हणाला बिचारा.

"नववो वाटो समोर येवन घेवक व्हयो," सुगंधा बनाकडे बघत म्हणाली. "आमी सगळे घेतो तसो. टोपली घेवन. आणि कोणाचो तू, ता सांगान. ह्या वाडीत तुका कोणी इचारूक नाय ही चूक झाली. मी इचारतंय. कोणाचो रे तू?"

दोरी सुटली. सुगंधा मागच्या मागे पडली आणि पडता पडता तिला दिसलं.

सुरूच्या दोन खोडांमध्ये, जिथे कोणी नव्हतं, तिथे वाळूत टाचांचे खड्डे होते. खोल, रुंद, ओढणाऱ्याने रोवलेले. एकामागे एक आत गेलेले. समुद्रापासून इतक्या उंचावर, कोरड्या वाळूत, प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पाणी साचलं होतं. ती बघत असताना शेवटच्या खड्ड्याच्या मागे एक नवा खड्डा पडला. वाळू दबली, पाणी वर आलं. मग त्याच्याही मागे आणखी एक. जे होतं ते मागे सरकत चाललं होतं, तिच्याकडे तोंड करून.

दिव्याने बनाकडे पाहून हात हलवला.

"कोणाक टाटा करतंस गो?" सुगंधाने विचारलं. मग मुलीला कळेल असं, "कुणाला?"

"मागच्या काकांना," ती म्हणाली. "आजी, अजून एकदा."

६

त्या आईने रविराजला चांगलं फैलावर घेतलं. असली जिवावरची मस्करी करतात का, पोर घाबरली असती म्हणजे, म्हणाली, आणि मुलगी हट्ट करत असताना तिला गाडीत कोंबून निघून गेली. सुगंधाने तिच्यापुढे हात जोडले. त्या माफीत खोटं काही नव्हतं.

रविराजनेच मग आपण होऊन म्हटलं की बंद करू या. दोन वर्षांची त्याची उमेद होती त्यात. बोलताना तो खाली बघत होता.

"बंद कित्याक?" सुगंधा म्हणाली. तिच्या दोन्ही तळव्यांना खोबरेल लावून फडकी गुंडाळली होती. "टेंब आपलो. दोरी आपली. घाबरान घरात कोणी बसूचा नाय. मात्र माणूस दोरयेन ओढूचा नाय. घसरा, आणि पायांनी चलत येवा. दोरयेन फक्त ट्यूब येतली."

तसंच झालं. कोल्हापूरच्या लोकांनी कुरकुर केली, मग त्यांनाही चढायची सवय झाली. दोरीने आता नुसत्या रिकाम्या ट्यूब वर येत होत्या. आणि बाबलीच्या मागे, रांगेच्या शेवटी, नवव्या जागेवर सुगंधा उभी राहत होती. तिच्या मुठीच्या मागे उरलेली दोरी ती स्वतः उजवीकडून गुंडाळायची आणि वेटोळ्यावर पाय ठेवायची. पाठ बनाकडे. पहिल्या दिवशी माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, गुणाजीने मात्र काही न बोलता "ओढा रे" म्हटलं. संध्याकाळी नऊ वाटे पडले. नववा तिचा होता, हक्काचा, आणि तिने तो सगळ्यांसमोर उचलला.

फेब्रुवारीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. दोरी जड होती, जशी असायला हवी तशी. माणसांना घाम येत होता.

मग एका दुपारी दोरी किंचित हलकी लागली. तांडेलाला हाताने कळतं, ते आता तिलाही कळू लागलं होतं. तिच्या पायाखालच्या वेटोळ्यातून पाणी झिरपून टाचेला लागलं. तिने पाय हलवला नाही आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी, ऊन पुळणीवरून निघायच्या बेतात असताना, गुणाजीने वाटे घातले. खाली मान घालून, एकेक बांगडा टाकत. माणसं आपापला ढीग उचलून गेली. गुणाजीचा सोडून वाळूवर दोन वाटे उरले, तिचा नववा आणि एक दहावा.

त्याने बायकोकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. "माझो हात खोटां सांगना नाय गो," तो म्हणाला.

"म्हायत आसा माका."

तिच्या मागे, सहा-सात पावलांवर, वाळूवर काहीतरी टेकवल्याचा आवाज झाला. वेताचा, ओला, करकरणारा आवाज. टोपली खाली ठेवण्याचा आवाज तिने आयुष्यात इतक्यांदा ऐकला होता की तो दुसरा कशाचा असणं शक्यच नव्हतं. गुणाजी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता, आणि मग त्याने नजर झटकन जमिनीकडे वळवली.

"टोपली हाडलंस," सुगंधा न वळता म्हणाली. "अर्धां ऐकलंस. आता समोर ये आणि सांग, कोणाचो?"

लाट आली आणि गेली. कोणी समोर आलं नाही.

"मगे नाय," ती म्हणाली.

तिने आपला वाटा टोपलीत भरला. मग दहावाही भरला, शेवटच्या बांगड्यापर्यंत. चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली उचलली. घरी जायची वाट पुळणीवरून होती आणि दुसरी सुरूच्या बनातून. गुणाजीने तिचा पदर धरला. तिने तो हलकेच सोडवून घेतला आणि बनाच्या वाटेने निघाली.

सुयांच्या थरावर तिची पावलं वाजत नव्हती. दहाव्या पावलाला टोपली जड झाली. विसाव्याला आणखी. टोपलीतून गार पाणी निथळून तिच्या कपाळावरून डोळ्यांत उतरलं. पंधरा-वीस बांगड्यांना एवढं वजन नसतं. एवढं वजन मुलाचं असतं, मग मोठ्या माणसाचं. तिच्या मानेतली शीर ताठ झाली, पाऊल वाळूत घोट्यापर्यंत रुतलं.

तिने ते उपटलं आणि पुढचं टाकलं.

"हो जड," सुगंधा म्हणाली. "तीस वर्सां डोक्यार वझां घेवन बाजाराक चल्लंय मी. बगूया, पयलो कोण दमता."